तुला काय वाटतं?

नात सध्या इंग्लंडमध्ये एम.ए. करते आहे. परवा तिचा रडवेला फोन आला. "आजी, पहिल्याच निबंधात नापास! ४२!" तिथे एम.ए.ला बहुतेक ठिकाणी ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन. आपल्यासारखे नव्वदीतले मार्क क्वचितच कुणाला पडतात. पण नापास?

कारण ऐकून मी गप्पच झाले. पुस्तकातली वाक्यं तिने जशीच्या तशी उतरवली होती. ना अवतरणचिन्हं, ना लेखकाचं नाव. तिथे ही चोरी मानतात.

तिथे म्हणे आठवड्याला तासच मोजके. व्याख्यानात विषयाची ओळख तेवढी. मग हातात वाचनाची लांबलचक यादी. ते वाचून सेमिनारला दहा-पंधरा मुलांनी बसून चर्चा करायची. सर विचारणार, "तुला काय वाटतं?" आणि आमची ही मान खाली घालून गप्प!

ही सवय लावली कोणी? मीच. दहावीला ती माझ्याकडेच अभ्यासाला बसायची. शाळेतही शब्दन् शब्द पुस्तकातला लिहिणाऱ्यांना मी पैकीच्या पैकी दिले आणि स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्यांचा अर्धा मार्क कापला.

निबंध पुन्हा लिहायची संधी मिळाली आहे, पण आता कितीही चांगला लिहिला तरी ५० च मिळणार. फोन ठेवताना मी विचारलं, "विषयाबद्दल तुला काय वाटतं गं?" बहुधा पहिल्यांदाच विचारलं असेन. अर्धा तास बोलत होती पोर. मी नुसती ऐकत होते.