बोबो नावाची मुलगी

अमळनेरला बोरी नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते आणि मग ते मुलांच्या मालकीचे होते. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी आमची थोरली तेथे मुलग्यांबरोबर फुटबॉल खेळत असे. तिला बारावे लागले आणि आम्हीच तिला घरी बसविले. धमकी कोणाची नव्हती. शेजारच्या एका बाईंचे वाक्य आम्हांला पुरले.

त्याच सुमारास इंफाळमध्ये ओइनाम बेंबेम देवी ही मुलगी, मुलग्यांनी खेळावयास घ्यावे म्हणून, आपले नाव ‘बोबो’ असे सांगत होती. १९८० साली जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी, १९९५ साली, गुआमविरुद्ध भारताकडून उतरली आणि २०१६ पर्यंत खेळत राहिली. जागा मधल्या फळीतली. बचावाकडून चेंडू घ्यावयाचा, पुढची खेळाडू कोठे पोहोचेल ते आधीच ताडून तो तेथे धाडावयाचा. फलकावर नाव मात्र गोल करणाऱ्याचे. पंगतीत वाढणारा दिसतो, चुलीपाशी बसलेली दिसत नाही, तसेच हे. (चुलीचाच दाखला सुचावा, यातही आमचे वय दिसते.)

ढाक्याला २०१० मध्ये आणि शिलाँगला २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धांचे सुवर्णपदक भारताने मिळविले, त्या दोन्ही संघांत ती होती. २०१४ साली मालदीवच्या क्लबकडूनही खेळली. पोटापाण्याला मणिपूर पोलिसांतली नोकरी. स्त्रियांची राष्ट्रीय लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली, तोवर तिचा आंतरराष्ट्रीय खेळ आटोपला होता. अर्जुन पुरस्कार २०१७ साली. तिच्याआधी तो मिळालेली स्त्री फुटबॉलपटू एकच, शांती मलिक, १९८३ साली. मध्ये चौतीस वर्षे गेली. पद्मश्री २०२० मध्ये आली.

आशियाई करंडक २०२२ साली आपल्या महाराष्ट्रात भरला, तेव्हा कोरोनामुळे आपला संघ दुसऱ्या सामन्याला उभाच राहू शकला नाही. पुढे ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईला भारताने थायलंडला २-१ असे हरवून पात्रता मिळविली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, तीही मधल्या फळीतलीच.

त्या दिवशी थोरली माहेरी आली होती. नात मोबाइलवर सामना पाहत होती आणि थोरली तिच्या पाठीमागे उभी होती. दुसरा गोल झाला तसा तिचा उजवा पाय जमिनीवरून किंचित पुढे सरकला. आम्ही चहाचे विचारले. दोघींनीही ऐकले नाही.