एक तास, एक टेबल, एक वही



आपल्या पांढुर्ण्यात ‘पूल’ म्हटलं की जाम नदीवरचा पूलच आठवतो. मी लिहितोय तो मात्र हिरव्या कापडाच्या टेबलावर काठीने बॉल मारायचा पूल. बीई करून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याला आलो आणि ऑफिसच्या रिक्रिएशन रूममध्ये हा नाद लागला. तसा हा खेळ आपल्याला परका नाही. त्याचा भाऊबंद स्नूकर आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये 1875 साली जन्मला असं मानतात. आणि वैयक्तिक खेळात भारताचे पहिले विश्वविजेते विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. 1958 मध्ये कलकत्त्याला त्यांनी बिलियर्ड्सची जागतिक हौशी स्पर्धा जिंकली.

मागच्या दिवाळीत सौंसरला ताईकडे गेलो होतो. माझी भाची कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. कॅरममध्ये तिचा हात असा की राणी घेतली तर कव्हर घेऊनच उठते. माझ्या मोबाईलमधले पूलचे व्हिडिओ पाहून म्हणाली, “मामा, मला हे शिकव.” ताईच्या सासूबाईंनी लगेच विचारलं, “काहून व माय, तिथं पोरी जातात का?” भाऊजी काही बोलले नाहीत, पण पूल पार्लर म्हणजे टवाळ पोरांचा अड्डा, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बरीच चर्चा होऊन एवढंच ठरलं, की महिन्यातून एकदा नागपूरला जाणं होतं तेव्हा भाऊजी सोबत राहतील आणि ती एक तास खेळेल.

महिन्याला एकच तास! ज्याला रोज टेबल मिळतं, तो गंमत म्हणून डाव खेळत बसू शकतो. हिला ते परवडणारं नव्हतं. डावात प्रत्येक शॉट एकदाच येतो. चुकला तर का चुकला हे कळायच्या आत पुढचा येतो. आमच्या कामात बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतात. तसाच सराव आम्ही ठरवला. तोच शॉट, त्याच जागेवरून, दहा वेळा, आणि दहातले किती जमले ते वहीत लिहायचं.

पहिला सराव घरचा, बिनटेबलाचा. मी तिला एक क्यू, म्हणजे खेळायची काठी, देऊन आलो होतो. जेवणाच्या टेबलावर पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवायची, दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावायची आणि क्यूचं टोक तोंडाच्या कडेला न लागता आत-बाहेर न्यायचं. कोपराखालचा हात तेवढा झोपाळ्यासारखा हलला पाहिजे, खांदा स्थिर. रोज दहा मिनिटं. हात सरळ जात नसेल तर बाटली लगेच हलते.

टेबलावरचा पहिला सराव ‘स्टॉप शॉट’. पांढरा बॉल, रंगीत बॉल आणि पॉकेट एका सरळ रेषेत, दोन बॉलमध्ये हातभर अंतर. पांढऱ्याला मध्याच्या किंचित खाली मारायचं. रंगीत बॉल पॉकेटमध्ये आणि पांढरा टकरीच्या जागीच थांबला तर एक गुण. दोन्ही बॉल सारख्या वजनाचे असतात. धडकेच्या क्षणी पांढरा गोल न फिरता नुसता घसरत असेल, तर सगळा वेग समोरच्याला देऊन तो तिथेच उभा राहतो. पुढे गेला तर अजून खाली किंवा जरा जोरात मारायला हवं. मागे आला तर उलट. डावी-उजवीकडे सरकला तर टक्कर सरळ झाली नाही, आणि जागच्या जागी गिरकी घेतली तर क्यू मध्यरेषेच्या बाजूला लागला. दहातले सात जमले की अंतर वीतभर वाढवायचं.

दुसरा सराव कोनाचा. रंगीत बॉलच्या मागे, पॉकेटच्या बरोबर रेषेत, त्याला चिकटलेला एक पांढरा बॉल आहे अशी कल्पना करायची आणि आपल्या पांढऱ्याचा मध्य तिथे पोहोचवायचा. कॅरमवाल्यांना हे सांगावं लागत नाही, स्ट्रायकर ते असाच नेतात. नेम रंगीत बॉलच्या कडेवर धरला, म्हणजे अर्धा बॉल झाकला, तर तो साधारण 30 अंशांत जातो. हा एक कोन पक्का झाला की बाकीचे त्याच्यावरून अंदाजता येतात. शॉट पुन्हा तसाच मांडता यावा म्हणून वहीच्या भोकांना लावायचे गोल स्टिकर आम्ही बॉलच्या जागी लावतो.

तिसरा खेळ तिचा आवडता, भुताशी सामना. तीन बॉल टेबलावर कुठेही सोडायचे, पांढरा हवा तिथे ठेवायचा आणि क्रमाने तिन्ही घालवायचे. तिन्ही गेले तर गुण आपला, एकही चुकला तर भुताचा. भूत कधी चुकत नाही, त्यामुळे हरल्याचं वाईटही वाटत नाही.

तासाची वाटणी अशी: 10 मिनिटं स्टॉप शॉट, 25 मिनिटं कोन, 15 मिनिटं भूत. उरलेली 10 मिनिटं भाऊजींसोबत डाव, कारण नुसत्या सरावाने कंटाळा येतो.

नागपूरच्या पहिल्या तासात वहीत स्टॉप शॉटचा आकडा होता दहात तीन. चौथ्या महिन्यात सात झाला. मधे एकदा पुन्हा चारवर आला होता. तिचा चेहरा पडला, तेव्हा भाऊजीच म्हणाले, “बाटलीचा सराव परीक्षेमुळे बंद होता ना, म्हणून.” वही तेही वाचत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता बॉल स्टिकरवर मांडायचं काम त्यांच्याकडे आहे, आणि एखादा जरा सरकला तर ते शॉट मारू देत नाहीत.

तुमच्याही घरात कोणी कॅरम, बॅडमिंटन किंवा तबला शिकत असेल आणि वेळ, जागा कमी पडत असेल, तर एक वही घेऊन द्या. रोजचे दहा प्रयत्न आणि त्यातले जमलेले, एवढंच लिहायचं.

गेल्या महिन्यात तास संपला तेव्हा भाची क्यू आवरायला लागली. भाऊजी काउंटरवर गेले आणि आणखी अर्ध्या तासाचे पैसे भरून आले.