पास्टोरेट कमिटीवर नवखी

आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत माझे नाव पुढे केले ते आमच्या महिला मंडळाने. चर्चमध्ये निम्म्याहून जास्त बाया बसतात आणि कमिटीत मात्र एखाददुसरी, तेव्हा ताई, तुम्ही उभ्या राहा, असा त्यांचा आग्रह. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हिशेबाची आणि सभेची थोडी सवय आहे, म्हणून हो म्हटले. मते पडली, निवडून आले. पहिल्या बैठकीला हातात अजेंडा, मागच्या सभेचे इतिवृत्त, जमाखर्चाचा तक्ता आणि घटनेची झेरॉक्स असा गठ्ठा पडला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचले आणि पहिल्याच विषयाला मी पुरती गोंधळून गेले.

विषय होता कंपाउंडच्या भिंतीचा. पावसाने भिंतीचा एक भाग बसला होता. मला वाटले, गवंड्याला बोलवायचे, खर्चाचा अंदाज घ्यायचा, ठराव करायचा, झाले. पण टेबलाभोवती वेगळेच सुरू होते. एकजण म्हणाले, दुरुस्ती आपल्या हातातली आहे, आजच मंजूर करा. दुसऱ्यांचे म्हणणे, नाशिकला डायसिसच्या, म्हणजे धर्मप्रांताच्या, ऑफिसला कळवल्याशिवाय वीट हलवायची नाही. तिसऱ्यांनी आठवण करून दिली की जागा ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर आहे. कोणी सुचवले की रस्त्याकडेची पट्टी दुकानाला भाड्याने देऊ, त्यातून भिंतच काय, छपरही होईल. त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांचे नाव निघाले. मी पाळकसाहेबांकडे पाहिले. ते अध्यक्षाच्या खुर्चीत होते, पण एवढेच म्हणाले, "हा निर्णय माझा एकट्याचा नाही. कमिटीने ठरवायचे आहे."

मग चर्च आहे तरी कोणाचे? बिशपांचे, पाळकांचे, ट्रस्टचे की आमचे? हा प्रश्न घेऊन मी घरी गेले आणि पुढे बराच काळ तो माझ्याबरोबर राहिला.

उत्तराचा एक धागा आमच्या नगरच्या इतिहासात सापडला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते.) इथे दोन निरनिराळ्या परंपरा शेजारी शेजारी वाढल्या. अमेरिकन मराठी मिशनची माणसे 1831 साली नगरला आली आणि 1833 साली इथली पहिली मंडळी स्थापन झाली. ही परंपरा काँग्रिगेशनल. तिच्यात मंडळीच्या वर बिशप नाही. सभासदांनी जमायचे, पंच नेमायचे, पाळक निवडायचा, त्याचा पगार उभा करायचा आणि शिस्तीचे प्रश्नही आपणच सोडवायचे. 1854 साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा एतद्देशीय पाळक आणि त्याला मान देणारी एतद्देशीय मंडळी असे नाते नगरात उभे राहिले. पुढे या मंडळ्यांचे प्रतिनिधी 'ऐक्य' नावाच्या सभेत एकत्र बसू लागले. खेड्यापाड्यांतून आलेला, कालपर्यंत गावकुसाबाहेर ज्याला कोणी विचारत नव्हते असा माणूस तिथे मंडळीचा प्रतिनिधी म्हणून बोलायला उभा राहत असे. त्या काळी या जिल्ह्यात अशा माणसाला मत देण्याचा हक्क आणखी किती ठिकाणी होता, याचा विचार केला म्हणजे त्या सभांचे मोल माझ्या लक्षात येते.

दुसरी परंपरा अँग्लिकन. एसपीजी या इंग्लंडच्या मिशनने 1870 च्या दशकात नगर भागात काम सुरू केले. इथे बिशप हा कारभाराचा कणा. पण पूर्वी त्या बिशपाची नेमणूक इंग्लंडच्या राजाच्या नावाने होई, कारण हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चला बांधलेले होते. 1927 साली इंडियन चर्च अ‍ॅक्ट झाला आणि 1930 साली हे बंधन सुटले. मधल्या काळात, 1929 मध्ये, मुंबईपासून वेगळा नाशिक धर्मप्रांत निघाला. फिलिप लॉइड त्याचे पहिले बिशप. 1930 नंतरच्या घटनेत जनरल कौन्सिलची तीन सदने होती: बिशपांचे, पाळकवर्गाचे आणि सामान्य सभासदांचे. राजाचे नाव गेले आणि त्या जागी सभागृह आले, असे मला हे वाचताना वाटले.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला आमचे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा सहा चर्चे एक झाली. अँग्लिकनांचे चर्च ऑफ इंडिया त्यात होते, आणि काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या 1924 साली ज्यात एकवटल्या होत्या ते युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाही होते. शिवाय बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट. म्हणजे बिशप मानणारे आणि न मानणारे एका घटनेखाली आले. आमच्या कमिटीच्या टेबलावर ज्या चार तोंडांनी चार उत्तरे दिली, त्यांच्यामागे हे सगळे उभे होते. बिशपांकडे पाहणारे आपल्या आजोबांच्या रीतीने बोलत होते, मंडळीच सर्वकाही म्हणणारे आपल्या. दोघेही खरे बोलत होते, पण हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही.

सर्वांत जास्त मी शिकले ते मोजणीच्या टेबलावर. रविवारची उपासना संपली, आशीर्वाद झाला की दानाच्या थैल्या वेस्ट्रीत येतात. थैल्या उलट्या करायच्या, चुरगळलेल्या नोटा सरळ करायच्या, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, शंभरच्या चळती लावायच्या, नाणी बाजूला. मग पाकिटे. पाकिटावर नाव आणि कारण लिहिलेले असते: मासिक वर्गणी, दशमांश, मुलाच्या वाढदिवसाची उपकारस्तुती, इमारत फंड. आतली रक्कम वर लिहिलेल्या आकड्याशी ताडायची आणि ज्या त्या खात्यात टाकायची; इमारतीचे शंभर रुपये वर्गणीत गेलेले चालत नाहीत. दोघांनी मोजायचे, दोघांनी रजिस्टरवर सही करायची. या सगळ्या वेळात पाळकसाहेब दाराशी उभे राहून लोकांची विचारपूस करत असतात. टेबलाकडे ते फिरकत नाहीत. मी खजिनदार काकांना कारण विचारले. ते म्हणाले, "ताई, ही सोय पाळकाच्या अब्रूसाठी आहे. ज्याने दान द्या म्हणून सांगायचे, त्याने ते मोजायचे नाही."

तेव्हापासून सामान्य सभासदांच्या अधिकाराकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. वचन आणि संस्कार पाळकाकडे, पैशाला सामान्य सभासदांचा हात, आणि दोघांवर बिशपांची देखरेख. उपासनेचा क्रम कमिटीला बदलता येत नाही, प्रभुभोजन कोणी द्यायचे हे कमिटी ठरवत नाही, शिकवणुकीवर आम्ही मत घेत नाही. पण कमिटीच्या ठरावाशिवाय पाळकाने मंडळीचा पैसा खर्चायचा नाही, आणि खात्यावर सह्या दोघांच्या. ही रचना अविश्वासातून आलेली नाही. एका माणसावर सगळा मोह आणि सगळा आळ येऊ नये, म्हणून शहाण्या माणसांनी ती घातली आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

कापणीच्या सणालाही हाच हिशेब वेगळ्या रूपात भेटला. ज्वारीची पोती, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी वेदीपुढे येतात, उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. बोली चढते, टाळ्या पडतात. पण बोली बोलणाऱ्याने पैसे तिथल्या तिथे दिलेच असे नाही. ते नाव वहीत जाते आणि पुढचे काही महिने कमिटीच्या माणसांनी ती रक्कम गोळा करायची. आमच्याकडे डायसिसला पाठवायचा वाटा याच वसुलीवर पुष्कळसा अवलंबून असतो. एखादी मंडळी डायसिसला कमी का देते, याचे उत्तर मोठ्या सभांत शोधू नये. ते या वहीत असते.

मतदारयादीचे काम माझ्याकडे आले तेव्हा आणखी चक्रावले. बाप्तिस्मा झाला म्हणजे मत मिळाले असे नाही. दृढीकरण झालेले हवे, प्रभुभोजनात सहभाग हवा, मंडळीच्या खर्चाला हातभार हवा. कोणी वीस वर्षे पुण्यात राहतो पण नाव इथेच ठेवा म्हणतो, कारण आईवडिलांची माती इथे आहे. कोणी दर रविवारी येते, झाडूनपुसून जाते, पण वर्गणी थकलेली, म्हणून यादीत नाव नाही. अशा एका मावशींसमोर मी उभी होते आणि मला काय बोलावे सुचेना. नियम काय आहे ते मला पाठ होते. कमिटीत मी तो विषय मांडला, थकबाकी भरायला मुदत मिळाली, मावशींचे नाव यादीत आले. वर्गणी हे मंडळीवरच्या मायेचे लक्षण मानावे हे बरोबर, पण गरिबाचे मत पैशावरून जाऊ नये हेही तेवढेच बरोबर. या दोहोंतून वाट काढणे हे कमिटीचेच काम आहे, ते पाळकावर ढकलता येत नाही.

भिंतीच्या निमित्ताने जमिनीचा कायदाही थोडा कळला. मिशनच्या काळात घेतलेल्या जागा वेगवेगळ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर आहेत. सार्वजनिक न्यासाची जागा विकायची, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने आणि शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2013 साली याच धर्तीवर सांगितले की चर्चे एक झाली म्हणून त्यांच्या न्यासांची मालमत्ता आपोआप एक होत नाही. त्यासाठी कायद्याची रीतसर वाट आहे. हे वाचल्यावर दुकानाच्या भाड्याचा विषय आम्ही थांबवला आणि फक्त दुरुस्तीचा ठराव करून त्याची प्रत नाशिकला पाठवली. भिंत उभी राहिली. मिशनच्या जागांवर आज सगळ्यांची नजर आहे. अशा वेळी कमिटीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे कलम माहीत असले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

पाळकाच्या बदलीचा प्रसंग आला तेव्हा दोन परंपरा पुन्हा समोरासमोर आल्या. बदली बिशप करतात. आमच्या जुन्या माणसांना हे रुचत नाही. आमच्या वाडवडिलांनी आपला पाळक आपण बोलावला, मग आता पत्र येते आणि पाळक जातो, हे कसे, असे ते विचारतात. मला त्यांचे दुःख कळते. पण मोठ्या शहरी मंडळीला हवा तो पाळक मिळेल आणि वडाळ्याकडच्या, राहुरीकडच्या लहान मंडळ्यांना कोणी मिळणार नाही, असे व्हायला नको असेल तर सगळ्या धर्मप्रांताकडे पाहणारा कोणीतरी लागतोच. शिवाय बिशपही एकट्याच्या मर्जीने चालत नाहीत. डायसिस कौन्सिलमध्ये पाळकांबरोबर सामान्य सभासदांचे प्रतिनिधी बसतात, बिशपांच्या निवडीच्या प्रक्रियेत या कौन्सिलला स्थान आहे, आणि तिथून वर सिनड या सर्वोच्च सभेपर्यंत प्रतिनिधी जातात.

सामान्य सभासदांचे मत किती वजनाचे असू शकते ते इंग्लंडच्या उदाहरणावरून मला उमगले. तिथे प्रत्येक पॅरिशला निवडलेली कौन्सिल असते. तिचे अधिकार 1921 च्या कायद्याने ठरले. वर जनरल सिनड, तीन सदनांची. नोव्हेंबर 2012 मध्ये स्त्रियांना बिशप करण्याचा ठराव आला. बिशपांच्या आणि पाळकांच्या सदनांत तो मंजूर झाला. सामान्य सभासदांच्या सदनात 132 बाजूने, 74 विरुद्ध. दोन तृतीयांशाला सहा मते कमी पडली आणि ठराव फेटाळला गेला. 2014 साली तो पुन्हा आला आणि मंजूर झाला. दरम्यान 2013 साली आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने पुष्पा ललिता यांना बिशप केलेही होते. मी तिथे असते तर बाजूनेच मत दिले असते. तरी बिशपांना हवे असलेले सामान्य सभासदांना अडवता आले, याचा अर्थ त्यांचे मत शोभेचे नव्हते, हे मान्य करावे लागते.

आमच्याकडे हे मत शोभेचे होते ते आम्हीच करतो. वार्षिक सभेला माणसे येत नाहीत. आली तर हिशेबाच्या पानाकडे न पाहता "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि चहाला उठतात. मग तीच चार घरे वर्षानुवर्षे कमिटीत राहतात, डायसिस कौन्सिलवर तीच नावे जातात, आणि वादाला तोंड फुटले की बाकीचे म्हणतात, आम्हाला काही सांगितलेच नाही. कोर्टकचेऱ्यांत मंडळ्यांचा पैसा जातो त्यातला किती तरी एका शांत, भरगच्च वार्षिक सभेने वाचला असता.

म्हणून नगर जिल्ह्यातल्या, आणि इतरही, ख्रिस्ती बंधुभगिनींना माझी विनंती आहे. आपल्या मंडळीच्या मतदारयादीत आपले नाव आहे का ते या महिन्यात पाहून या. नसेल तर वर्गणीची पावती घ्या आणि सेक्रेटरींकडे अर्ज द्या. वार्षिक सभेला हिशेबाची प्रत आधी मागा आणि घरी वाचून या. बायांनो, कमिटीसाठी उभ्या राहा. घटनेची मराठी प्रत पाळकसाहेबांकडे मागायला संकोच करू नका. ती तुमचीच आहे.