स्कॉट्सडेलचा थंड मुक्काम

कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना पाहून आलेल्या माणसाने हॉलिवुड, डिस्नेलँड आणि ग्रँड कॅन्यन ही तीन नावे घेतली नाहीत, तर तो तिकडे गेलाच नव्हता असे खुशाल समजावे. ती तिन्ही ठिकाणे आम्ही उभयतांनीही पाहिली. त्यांची वर्णने दर दिवाळीला कोणी ना कोणी लिहीत असतेच, त्यांत माझी भर नको. मला सांगायचे आहे ते एका माणसाच्या मागावर आम्ही केलेल्या फेरीविषयी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये हे गृहस्थ वारले; मात्र ‘वारले’ हा शब्द त्यांच्या बाबतीत वापरताना जीभ जराशी अडखळते. ती का, हे ओघाने येईलच. त्यांचे नाव हॅल फिनी.

माझी सारी नोकरी बँकेच्या रोख खिडकीमागे गेली. नोट म्हणजे काय, तर एक वचन. गव्हर्नरसाहेब लिहून देतात की धारकास इतके रुपये अदा करीन, खाली सही करतात, आणि त्या सहीच्या भरवशावर भाजीवालीपासून सराफापर्यंत सगळ्यांचा संसार चालतो. तेव्हा, ज्याच्यावर कोणाचीही सही नाही, ज्याच्या पाठीशी सरकार नाही आणि ज्याला छापखानाही लागत नाही असा पैसा जगात पहिल्यांदा ज्याच्या हाती पडला तो माणूस इथलाच, असे आमच्या जावईबापूंनी लॉस एंजेलिसला सांगितले, तेव्हा डिस्नेलँडपेक्षा मला त्याचेच कुतूहल अधिक वाटू लागले. मे महिना होता, वर्ष २०२४. जावईबापूंना चार दिवसांची रजा होती आणि मोटार दारात होती.

सुरुवात टेंपल सिटीपासून केली. लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी हे सपाट, नीटनेटके उपनगर आहे. घरे बैठी, पुढे हिरवळीचा तुकडा, आणि दुकानांच्या निम्म्या पाट्या चिनी लिपीत. स्वतःला हे गाव कॅमेलिया फुलांचे गाव म्हणवते, पण फुलांचा हंगाम उलटून गेला होता. पाहण्यासारखे तिथे काही नाही, आणि नेमके तेच मला पाहायचे होते. हॅल फिनी यांची बरीच वर्षे या गावात गेली. जवळच पॅसाडेना येथे कॅलटेक ही विख्यात शास्त्रसंस्था आहे. तिथून ते १९७९ साली अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. जन्म १९५६ सालचा, कोलिंगा नावाच्या गावचा. या नावाची मोठी मौज आहे. आगगाड्यांना कोळसा भरण्याचे ‘अ’ क्रमांकाचे ठाणे, त्याच्या इंग्रजी पाटीचा उच्चार घासून घासून गावाचे नाव झाले!

पदवीनंतर त्यांनी मुलांचे व्हिडिओ खेळ तयार केले, आणि पुढे गुप्त लेखनाच्या शास्त्रात शिरले. १९९१ साली फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ नावाची एक संगणकी तिजोरी लोकांना फुकट वाटली. तिला दोन किल्ल्या. एक जगजाहीर, तिने कोणीही तुमच्यासाठी पत्र कुलूपबंद करावे. दुसरी तुमच्यापाशी, तिच्याखेरीज ते उघडू नये. सामान्य माणसाच्या पत्राला असे कुलूप मिळणे अमेरिकन सरकारला रुचले नाही. असली कुलपे परदेशी धाडणे कायद्याने शस्त्रे धाडण्यात जमा होते, म्हणून झिमरमन यांच्यामागे तीन वर्षे चौकशीचा ससेमिरा लागला आणि १९९६ साली ती सोडून देण्यात आली. या पीजीपीच्या दुसऱ्या आवृत्तीचा मोठा भाग लिहिणारे आणि पुढे त्याच कंपनीत नोकरीला लागलेले गृहस्थ म्हणजे हॅल फिनी. त्यांची काळजी साधी होती. उद्या माणूस काय खरेदी करतो, कोणाला पैसे देतो, कोणता अंक वाचतो, याची नोंद कुठेतरी आपोआप होत राहणार. मग संगणकाने माणसावर पाळत ठेवायची की त्याचे रक्षण करायचे, हे आताच ठरवले पाहिजे. ही गोष्ट १९९२ सालची. आज आमच्याकडे चहाच्या टपरीवर मोबाइलने दहा रुपये देताना मला तिची आठवण होते.

टेंपल सिटीहून सांता बार्बरा दोन-अडीच तासांचा रस्ता. व्हेंचुरा ओलांडले की डाव्या हाताला पॅसिफिक महासागर अगदी मोटारीच्या काचेशी येतो. सौभाग्यवती समुद्र पाहत होती आणि जावईबापू मला शिकवणी देत होते. ते म्हणाले, “बाबा, तुम्ही वाण्याला नोट दिलीत की ती तुमच्या हातून गेली. संगणकातल्या वस्तूचे तसे नाही. तुम्ही मला फोटो पाठवलात तरी तो तुमच्याकडे राहतोच. पैसाही तसाच पाठवता आला तर?”

“तर एकच रुपया मी वाण्यालाही देईन आणि दूधवाल्यालाही,” मी म्हणालो. अफरातफरीच्या बाबतीत बँकेच्या माणसाला फार समजावून सांगावे लागत नाही.

यावर जुना इलाज म्हणजे मध्ये एक खतावणीवाला बसवायचा. डेव्हिड चॉम या पंडिताने ॲमस्टरडॅमला कंपनी काढून तसे केलेही, आणि कोणी कोणाला पैसे दिले हे बँकेलाही कळू नये अशी खुबीदार युक्ती तीत घातली. पण १९९८ साली त्या कंपनीचे दिवाळे वाजले. आणि खतावणीवालाच उठला म्हणजे खातेदाराने जायचे कुठे? आपली हुंडीसुद्धा पेढीची पत पाहून चाले. पेढी बुडाली की हुंडीचा कागद बंब पेटवायला. फिनी यांनी २००४ साली आपल्या परीने वेगळी वाट काढली. ॲडम बॅक यांनी नको असलेल्या टपालाला आळा घालण्यासाठी १९९७ मध्ये एक उपाय सुचवला होता: संगणकाला एक किचकट कोडे घालायचे, आणि ते सोडवल्याची खूण म्हणजे जणू त्याच्या घामाची पावती. फिनी यांनी या पावत्या एकाकडून दुसऱ्याकडे जातील असे केले. त्या बदलून देणारा संगणक त्यांचा स्वतःचा. पण त्याची आज्ञावली आयबीएमच्या मोहोरबंद कार्डात ठेवलेली, म्हणजे मालकाने लबाडी केली तर ती दूर बसलेल्या परक्यालाही पकडता यावी. स्वतःवरही कोणाला विश्वास ठेवावा लागू नये, अशी व्यवस्था स्वतःच करणारा कारकून माझ्या तरी पाहण्यात नाही. त्या पावत्या फारशा कोणी वापरल्या नाहीत, हे सांगायला नको.

मग ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी नऊ पानांचे एक टिपण प्रसिद्ध केले. खतावणीवाला नकोच, खतावणीच सर्वांच्या घरी ठेवा, आणि सुमारे दहा मिनिटांनी तिला नवे पान जोडा. जो संगणक कोडे आधी सोडवील त्याने पान लिहायचे, बाकीच्यांनी ते तपासायचे, आणि लिहिणाराला मेहनताना म्हणून नवी नाणी. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांपलीकडे कधी जायची नाहीत. हाच बिटकॉइन. जाणत्या मंडळींनी नाके मुरडली. असल्या योजना त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. ज्या मोजक्यांनी ते टिपण मन लावून वाचले, त्यांत फिनी होते.

एव्हाना सांता बार्बरा आले. हे गाव इतके देखणे आहे की ही म्हणाली, “तुमच्या त्या गृहस्थांनी गाव मात्र झकास निवडले.” १९२५ च्या भूकंपात जुने शहर कोसळले आणि ते पुन्हा बांधताना स्पॅनिश धाटणी ठेवायची असे ठरले. म्हणून पांढऱ्या भिंती आणि लाल कौले थेट डोंगरापर्यंत चढत गेली आहेत. कोर्टाची इमारत तर एखाद्या राजवाड्यासारखी. आम्ही फिनी यांच्या घराकडे गेलो नाही. कोणाच्या दारापुढे जाऊन घर न्याहाळणे बरे नव्हे, आणि त्या घराला नको त्या पाहुण्यांचा ताप आधीच पुरेसा झालेला आहे. समुद्राकाठच्या वाटेवर मात्र आम्ही सकाळी बराच वेळ बसलो. माणसे धावत होती. फिनीही लांब पल्ल्याचे धावणारे, पत्नीसह धावणारे.

२००९ च्या जानेवारीत त्यांनी आपल्या संगणकावर बिटकॉइन चालू केला आणि आपण तो चालवीत असल्याची दोन शब्दांची वर्दी जगाला दिली. इंग्रजीत ते दोन शब्द ‘बिटकॉइन धावतो आहे’ असेही वाचता येतात. १२ जानेवारीस सातोशीने त्यांना परीक्षेदाखल दहा नाणी पाठवली. खतावणीच्या १७० व्या पानावर ती नोंद आहे. एका माणसाने दुसऱ्याला हा पैसा दिल्याची ती पहिली नोंद. भाव? शून्य. त्या दहा नाण्यांत कोणी केळेही दिले नसते. पण त्याच सुमारास फिनी यांनी सहज गंमत म्हणून हिशेब मांडला होता की, सगळ्या जगाची संपत्ती या पैशात मोजली जाऊ लागली तर एकेक नाणे एक कोटी डॉलरांचे होईल. हिशेब मांडून झाल्यावर त्यांनी काय करावे? संगणक तापतो आणि त्याच्या पंख्याची घरघर सोसवत नाही म्हणून काही दिवसांनी तो बंद करून टाकला! आम्ही परत आल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये, एका नाण्याने एक लाख डॉलरचा आकडा ओलांडल्याची बातमी वाचली, तेव्हा पहिल्यांदा मला तो पंखाच आठवला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएलएसचे निदान झाले. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी या रोगात एकामागून एक मरतात. बुद्धी शाबूत, देह निकामी. ज्याचे पाय चांगले त्याच्या पायांतूनच जीव जावा, याला काय म्हणावे! २०११ च्या सुरुवातीस नोकरी सुटली. पुढे हात गेले, वाचा गेली, श्वास यंत्रावर आला. राहिले डोळे. पडद्यावर नजर रोखून अक्षर निवडायचे, अशा रीतीने ते पूर्वीच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या गतीने काम करीत राहिले. आणि काम कोणते? लोकांची बिटकॉइनची पाकिटे अधिक सुरक्षित कशी होतील याचे. २०१३ च्या मार्चमध्ये त्यांनी असाच डोळ्यांनी एक लेख लिहिला. त्यात तक्रार नाही. आपण सुदैवी आहोत, असेच ते सांगतात.

नशिबाने मात्र अजून पुरते सोडले नव्हते. २०१४ च्या मार्चमध्ये एका साप्ताहिकाने टेंपल सिटीत राहणाऱ्या, नाकामोतो याच आडनावाच्या एका गृहस्थांना सातोशी ठरवले. त्यांनी साफ इन्कार केला. पण फिनी एके काळी त्याच गावात, त्यांच्यापासून थोड्या अंतरावर राहत, हे ध्यानात येताच संशयाची सुई फिनींकडे वळली. भेटीस आलेल्या पत्रकाराला त्यांनी डोळ्यांनीच नकार कळवला आणि सातोशीशी झालेला जुना पत्रव्यवहार पाहू दिला. कोणी अनामिक फोनवरून एक हजार बिटकॉइनची खंडणी मागू लागला. तेव्हा ती रक्कम चार लाख डॉलरांच्या घरात होती. घरातली बहुतेक नाणी दवाखान्याच्या बिलांपायी केव्हाच मोडली होती. एके दिवशी या घरात खून झाल्याची खोटी वर्दी देऊन त्याने सशस्त्र पोलीस दारात आणले. श्वासाचे यंत्र लावलेल्या माणसाला अंगणात आणून थांबवावे लागले. कोणावर विश्वास टाकण्याची गरजच उरू नये असा पैसा आणण्यासाठी ज्याने हयात वेचली, त्याच्या दारात पोलीस आले ते कोणाच्या तरी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवून.

तिथून दक्षिणेला येऊन दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पूर्वेची वाट धरली. पाम स्प्रिंग्जच्या खिंडीत हजारो पवनचक्क्या हात हलवून निरोप देतात, आणि मग वाळवंट सुरू होते. ब्लाइथला कोलोरॅडो नदी लागते. पूल ओलांडला की ॲरिझोना. पुढे सग्वारो निवडुंग दिसू लागतात, दोन हात वर करून उभे, पोलिसांनी दरडावल्यासारखे. फीनिक्सला पोचलो तेव्हा पारा एकेचाळीसवर होता. त्याला लागूनच स्कॉट्सडेल. तिथल्या छोट्या विमानतळाजवळ, गोदामे आणि कचेऱ्या यांच्या रांगेत, आल्कोर नावाच्या संस्थेची बैठी इमारत आहे. एखादी फरशीची वखार असावी अशी. १९९४ साली ती कॅलिफोर्नियातून इकडे आली, कारण तिकडे भूकंपाचे भय. ज्यांना फार दिवस थांबायचे असते त्यांना असा विचार करावा लागतो.

इथे मृतांना उणे १९६ अंश सेल्सियसवर जपून ठेवतात. उद्याचे वैद्यक त्यांना उठवील, ही आशा. संस्था त्यांना मृत म्हणत नाही, रुग्ण म्हणते. परवानगी घेऊन आलेल्यांना इमारत दाखवतात. जाड काचेपलीकडे दोन पुरुष उंचीची, चकचकीत पोलादी पिंपे उभी होती, आमच्या पितळी बंबाची थोरली भावंडे म्हणावीत तशी. एकेका पिंपात चार देह, डोके खाली करून. नत्रवायूचा द्रव कधी कमी पडलाच तर डोके सर्वांत शेवटी उघडे पडावे म्हणून. विजेची गरज नाही. टाकी येते, द्रव भरते, जाते. कित्येक सभासद हा खर्च आयुर्विम्यातून भागवतात. संपूर्ण देहाचा दर दोन लाख डॉलरांच्या आसपास. १२ जानेवारी १९६७ रोजी गोठवलेले जेम्स बेडफर्ड, जगातले असे पहिले गृहस्थ, इथेच आहेत. दहा नाण्यांची तारीखही १२ जानेवारीच. योगायोग म्हणून सोडून देतो.

फिनी पती-पत्नी वीस वर्षांहून अधिक काळ इथले सभासद होते. शेवट जवळ आल्यावर त्यांना विमानाने इकडे आणले, आणि २८ ऑगस्ट २०१४ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, श्वासाचे यंत्र काढण्यात आले. ते इथले १२८ वे रुग्ण. कोणते पिंप त्यांचे, हे मी विचारले नाही.

मी काचेपाशी उभा होतो आणि मनात बँकच होती. मुदत ठेवीला मुदत असते, व्याज असते, वारस असतो. इथे मुदत लिहिलेली नाही. टाकीवाला येत राहील, संस्था टिकेल, शे-दोनशे वर्षांनी कोणी अनोळखी डॉक्टर आस्थेने हात लावील, या सगळ्यांवर त्या माणसाने बिनसहीचा भरवसा ठेवला. खतावणी सर्वांच्या घरी ठेवता येते; देह कोणा एकाच्या हवाली करावाच लागतो. त्यांच्या पत्नीने २०२३ पासून दर जानेवारीला एक धावण्याचा उपक्रम सुरू केला. अर्ध-मॅरेथॉनचे २१ किलोमीटर लोक आपापल्या गावी धावतात किंवा चालतात, आणि देणग्या एएलएसच्या कामाला जातात. नाव तेच ठेवले आहे, नवऱ्याच्या त्या दोन शब्दांचे.

बाहेर आलो तर उन्हाने डोळे दिपले. मोटारीच्या दाराला हात लावण्याची सोय नव्हती. ही इतका वेळ गप्प होती. आत बसताना म्हणाली, “ते उठले, असे धरून चालू. पण मग बायको?”

“तीही सभासद आहे,” मी म्हणालो.

“मग हरकत नाही,” ती म्हणाली, आणि जावईबापूंना तिने पाण्याची बाटली मागितली.