पाहायला की न्यायला?

दाखवणारी माणसे जगात पुष्कळ, देणारी थोडी. आमच्या बुरोंडीत एखादा बागाईतदार पाहुण्याला आपली पोफळ, माड, फणस मोठ्या हौसेने दाखवतो आणि पाहुणा रिकाम्या हाताने एस.टी.त चढतो. दुसरा एखादा फारसे बोलतही नाही. पण आपल्या पिशवीत दोन नारळ आणि आमसुलांची पुडी केव्हा पडली, हे आपल्याला दापोलीच्या स्टँडवर उतरल्यावर कळते. माणसांमधला हा भेद यंत्रांतही आहे, आणि तिथे तो अवघ्या एका शब्दाचा आहे.

आपण सर्वांनी हा अनुभव घेतलेला असतो. संगणकावर किंवा फोनवर एखाद्या दुव्यावर बोट ठेवावे, तर कधी कागद पडद्यावर उलगडतो, आणि कधी तो निमूटपणे आपल्या यंत्रात येऊन बसतो. ही ब्राउझरची लहर नव्हे. कोणतीही फाइल पाठवण्याआधी पलीकडचे यंत्र एक चिठ्ठी पाठवते. माल कसला आहे, पीडीएफ की चित्र की गाणे, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. ब्राउझरला तो माल दाखवता येत असेल, तर तो दाखवून मोकळा होतो. पूर्वी त्याला थोडेच दाखवता येई. फेब्रुवारी 2013 मध्ये फायरफॉक्स स्वतःच पीडीएफ उलगडू लागला. क्रोमने त्याआधीच ती विद्या संपादन केली होती. ब्राउझर जसजसा हुशार झाला, तसतसा तो दाखवू अधिक लागला.

मात्र त्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहिता येते. तिचे नाव ‘कंटेंट-डिस्पोझिशन’. तिथे ‘इनलाइन’ लिहिले तर अर्थ असा की, इथेच बसून पाहा. ‘अटॅचमेंट’ लिहिले तर, घरी घेऊन जा. ही ओळ मुळात ई-मेलसाठी 1990 नंतरच्या दशकात ठरली. ब्राउझरांनी तिचा नेमका अर्थ कसा लावावा, याचा स्वतंत्र मसुदा 2011 मध्ये आला.

एवढ्याशा ओळीचे काय कौतुक, असे आपण म्हणाल. ते मला 2020 च्या जूनमध्ये कळले. टाळेबंदीमुळे मी गावच्या घरी होतो. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि आमच्या दापोली-मंडणगडकडच्या बागा त्याने आडव्या केल्या. वीज गेली, फोन मुके झाले, आणि हे मौन पुढे कितीतरी दिवस टिकले. त्या दिवसांत खालच्या वाडीतली माझी एक विद्यार्थिनी आली. कुणाच्या तरी जनरेटरवर तिने फोन चार्ज करून आणला होता.

“सर, मे महिन्यात टेकडीवर जाऊन मी तुमच्या विषयाची सगळी टिपणे वाचली होती. आता उघडते तर पान कोरे!”

टिपणे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर होती, आणि ते संकेतस्थळ ती नुसती दाखवत होते. इतिहासाची टिपणे मात्र तिच्या फोनमध्ये शाबूत होती; ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आली होती आणि तिने ती उतरवून घेतली होती. एकच मुलगी, एकच फोन. एक विषय पाहिलेला, दुसरा मिळालेला. परीक्षा जवळ आलेली असताना हा भेद लहान राहत नाही.

रेंज परत आल्यावर मी संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तरुणाला गाठले. तो हसून म्हणाला, “सर, दोन ओळींचे काम आहे.” दुव्यातच ‘डाउनलोड’ हा शब्द घालता येतो, पण फाइल त्याच संकेतस्थळावर असेल तरच ब्राउझर तो मानतो. आमच्या फाइली दुसरीकडे ठेवलेल्या. म्हणून चिठ्ठीच बदलावी लागली. जुन्या युक्त्याही त्याने सांगितल्या. कुणी फाइल झिपच्या गाठोड्यात बांधतात. कुणी चिठ्ठीवर ‘हे नुसते बाइट आहेत’ एवढेच लिहितात. मग ब्राउझर बिचारा दाखवणार काय? तो ते गुपचूप ठेवून घेतो!

पहिल्या दिवशी फाइली उतरल्या खऱ्या, पण त्यांची मराठी नावे टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची रांग होऊन आली. ‘फाइलनेम’ या शब्दामागे एक तारका आणि पुढे यूटीएफ-८ असे लिहिल्यावर आमचे देवनागरी ताळ्यावर आले. तारका म्हणजे तळटीप, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. तीच इथे मराठीच्या मदतीला धावली.

तर काय सगळेच उतरवावे? छे! गाडीचे वेळापत्रक पाहावे आणि विसरावे. लग्नपत्रिकांनी भरलेला फोन मी रोज पाहतो. पण जे पुन्हा लागणार, जे कुठे तरी हजर करायचे, ते हातात पडले पाहिजे. आपला सातबाराच घ्या. महाभूलेखवर तो फुकट पाहायला मिळतो, पण केवळ माहितीसाठी. बँकेत चालतो तो 1 मे 2018 पासून मिळू लागलेला, डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांचा. आणि तो आपण उतरवून घेतो. पाहण्याचे मोल आणि मिळण्याचे मोल सरकारनेही वेगळे मानले आहे.

पाठवणारा विसरला, तर घेणाऱ्याने जागे राहावे. फोनवर दुव्यावर बोट दाबून धरले की उतरवण्याचा पर्याय सहसा पुढे येतो. संगणकावर पीडीएफ नेहमी उतरवूनच घ्यावी, असे ब्राउझरला एकदाच बजावून ठेवता येते. परंतु खरी जबाबदारी पाठवणाऱ्याचीच. मुंबई-पुण्यात बसून फाइल चढवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेकडीवर रेंज शोधणारी मुलगी असावी.

बुरोंडीला पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा आहे. जिंकलेली सारी पृथ्वी त्याने कश्यपाला दान केली, अशी कथा आहे. त्याने ती नुसती दाखवली असती, तर आज त्याची आठवण कुणी काढली असती?