जुन्या बंदुका

आमच्या हातीं बंदूक म्हणावी अशी वस्तु आयुष्यांत एकदांच आली, आणि तीही सारंगखेड्याच्या यात्रेंत. दत्तजयंतीस तापीकांठीं भरणारी ही यात्रा घोड्यांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु घोडा घेण्याची ऐपत नसलेल्या आम्हां प्रकाशेकर मुलांचें लक्ष घोड्यांपेक्षां फुगे फोडण्याच्या दुकानाकडेच अधिक असे. फळीवर ओळीनें लावलेले रंगीबेरंगी फुगे, हातांत छऱ्यांची बंदूक आणि 'एक डोळा मीट रे बाळ' हा दुकानदाराचा उपदेश! आम्हीं सहा छरे उडविले. फुगा एकही फुटला नाहीं. नेमबाजी हा विषय आमच्यापुरता त्याच दिवशीं संपला, असें आम्ही धरून चाललों होतों. तो साठी उलटल्यावर पुन्हां उघडावा लागेल, आणि तोही दुसऱ्यास सल्ला देण्यासाठीं, हें त्या वेळीं कोणी सांगितलें असतें, तर आम्हीं त्यास खचित वेड्यांत काढलें असतें.

गोष्ट अशी झाली. आमच्या सौभाग्यवतीचे वडील बंधु, ज्यांस सारें घर नाना म्हणतें, हे ताप्ती लाइनवर स्टेशनमास्तरकी करून निवृत्त झालेले गृहस्थ. गेल्या वर्षीं त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. वहिनींना जाऊन तीन वर्षें झालेलीं, घरीं दुसरें कोणी नाहीं. तेव्हां विश्रांतीचे दोन महिने त्यांनीं आमच्याकडे काढावे असें ठरलें. सकाळ वर्तमानपत्रांत जाई, दुपार झोंपेंत जाई; संध्याकाळ मात्र जातां जाईना. आमचा गांव म्हणजे दक्षिणकाशी. काशी करून आलेल्यानें प्रकाशा केल्यावांचून ती यात्रा पुरी होत नाहीं, अशी या बाजूची श्रद्धा आहे. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचें देऊळ, लांबरुंद घाट. संध्याकाळ घालविण्यास याहून चांगलें ठिकाण कोणतें? पण घाटाला पायऱ्या असतात, आणि डॉक्टरांनीं नेमक्या पायऱ्याच वर्ज्य केल्या होत्या.

एके दिवशीं नानांनीं आवाज खालीं आणून विचारलें, "दाजी, तुमच्या चिरंजीवांचा तो बंदुकीचा खेळ अजून आहे का हो घरांत? मी नोकरींत असतांना स्टेशनसमोरच्या दुकानांत पोरें तो खेळत बसत. जातां-येतां पाहत असें. एकदां हात लावून पाहावा असें फार मनांत होतें. पण स्टेशनमास्तरनें त्या दुकानांत कसें शिरायचें? जुना असला तरी चालेल. नवा नकोच. रोज अर्धा तास, बसल्या जागीं."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. तो खेळ आमच्या घरांत नव्हता, आणि नसण्याचें कारण आम्ही होतों.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलें वाढलीं आहेत, त्यांस हा खेळाचा प्रकार ठाऊक असेलच. इतरांसाठीं दोन शब्द. या खेळांत खेळणारास स्वतःचा देह दिसत नाहीं. पडद्याच्या तळाशीं फक्त बंदूक व ती धरलेले हात दिसतात. बाकी जें दिसतें तें त्या वीराच्या डोळ्यांनीं. इंग्रजींत यास व्याकरणांतलेंच नांव आहे, आणि मराठींत 'प्रथमपुरुषी नेमबाजी' म्हटल्यास तें चुकणार नाहीं. आम्ही लिहितांना स्वतःस 'आम्ही' म्हणवून घेणारे. या खेळांत मात्र एकवचनाखेरीज गति नाहीं. मारणारा मी, मरणारा मी, आणि चुकला तो नेमही माझाच.

आतां ती जुनी हकीकत. सन २००५ चा उन्हाळा. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमनाचा असा जोर होता कीं, दिवसाचे कित्येक तास पंखाही फिरत नसे. चिरंजीव नववी आटोपून सुटींत होते, आणि त्यांनीं कोठून तरी 'प्रोजेक्ट आय. जी. आय.' या खेळाची तबकडी आणली होती. हा खेळ नॉर्वेंतील इनरलूप नांवाच्या मंडळीनें रचिला व तो सन २००० च्या अखेरीस बाहेर पडला. जोन्स नांवाचा एकांडा शिलेदार तारांचीं कुंपणें ओलांडून शत्रूच्या तळांत शिरतो, अशा त्यांत चौदा मोहिमा आहेत. त्या काळीं महाराष्ट्रांतील तालुक्याच्या गांवींसुद्धां संगणकाच्या दुकानांत मुलें याच खेळावर तुटून पडलेलीं असत. चिरंजीवांच्या तेरा मोहिमा झाल्या होत्या, चौदावी चालू होती. बाहेर पाहुणे बसलेले. आम्हीं तीनदां हांक मारली. "अण्णा, पांच मिनिटें. आतां उठलों तर सगळें पुन्हां पहिल्यापासून करावें लागेल," असें उत्तर आलें. आम्हांस ती शुद्ध सबब वाटली. आम्ही उठलों, तबकडी यंत्रांतून काढली आणि गुडघ्यावर ठेवून मोडली. तो एक शब्दही बोलला नाहीं. खालीं बसून त्यानें तुकडे वेंचले.

नानांसाठीं आम्हीं त्यालाच पुण्यास फोन केला. दुसऱ्या कोणास विचारणार? तो प्रथम हंसला, मग लगेच कामाला लागल्यासारखा बोलूं लागला. "नानामामांना आय. जी. आय. देऊं नका, अण्णा. त्यांत मधेंच खेळ राखून ठेवतां येत नाहीं. मोहीम अर्ध्यावर सुटली कीं पहिल्यापासून. जेथें थांबूं तेथून उद्यां पुढें जातां येईल, असाच खेळ द्या." आम्ही ऐकत राहिलों. म्हणजे ती सबब नव्हती. खेळाचा नियमच तसा होता. वीज केव्हां जाईल याचा भरंवसा नसलेल्या गांवांत तेरा मोहिमा त्यानें कशा पार पाडल्या असतील, हा विचार आम्हांस तेव्हां शिवलाही नव्हता. बोलतां बोलतां आणखी एक कळलें. ती तबकडी वर्गांतल्या एका मुलाची होती, आणि मधल्या सुटीच्या खाऊचे पैसे साठवून त्यानें तिची भरपाई केली होती. हें तो सहज सांगून गेला व पुन्हां खेळांच्या नांवांकडे वळला. आम्हीं नांवें लिहून घेतलीं.

नुसतीं नांवें नानांच्या हवालीं करून मोकळें व्हावें, हें आमच्या मनास येईना. प्रत्येक खेळ आधीं आपण खेळून पाहावा आणि मग शिफारस करावी, असें आम्हीं ठरविलें. क्रम कोणता लावावा? आमच्या गांवच्या पांढरीच्या टेकाडांत सन १९५५ मध्यें बी. के. थापर यांनीं उत्खनन करून वस्तीचे चार कालखंड दाखविले. सर्वांत खालीं ताम्रपाषाणयुगांतील चित्रित खापरें. आम्हींही खालच्या थरापासूनच वर यावयाचें ठरविलें.

तळाशीं सन १९९२ चा 'वोल्फेन्स्टाइन' लागला. नाझींच्या किल्ल्यांतून सुटका करून घ्यावयाची. सर्व भिंती काटकोनांत, वर-खालीं पाहण्याची सोय नाहीं, चालण्यावळण्याचें काम चार बाणांच्या कळांवर भागतें. आमच्यासारख्या छरे वायां घालविणारासही यांत शत्रु पडतो, हें त्याचें मोठें पुण्य! परंतु एकसारख्या भिंतींच्या त्या भूलभुलैयांत अर्ध्या तासांत आम्हांस भोवळ आली. ही भोवळ अनेकांस येते. डोळे म्हणतात आपण चाललों आहों, कान म्हणतात आपण बसलों आहों, आणि त्या भांडणांत पोट मधल्यामध्यें ढवळून निघतें. खोलींत दिवा लावावा, पडद्यापासून हातभर मागें बसावें, ज्या खेळांत दृष्टीचा आवांका वाढवितां येतो तेथें तो वाढवावा, आणि तरीही बरें न वाटल्यास उठून ताक प्यावें. शेवटचा उपाय आमचा स्वतःचा आहे.

त्याच मंडळींनीं पुढच्याच वर्षीं, डिसेंबर १९९३ मध्यें, 'डूम' काढला, आणि येथें आमचें मत एकदम पालटलें. जिने आले, अंधार आला, लाल, निळ्या व पिवळ्या किल्ल्या शोधून दारें उघडण्याची गंमत आली. हा खेळ चार मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर चाले. आज खिशांतल्या फोननें काढलेलें एकेक छायाचित्र पुष्कळदां त्याहून मोठें असतें. सन १९९७ मध्यें कर्त्यांनीं त्याची मूळ संहिताच सर्वांस खुली केली, त्यामुळें तो आतां वाटेल त्या यंत्रावर चालतो. आमच्या सौभाग्यवतीनें आरंभीं, "दक्षिणकाशींत बसून माणसें मारतां, लाज नाहीं वाटत?" म्हणून दोघांनाही फैलावर घेतलें होतें. डूममध्यें बहुतेक शत्रु राक्षस आहेत हें पाहिल्यावर तिचा विरोध बराच सौम्य झाला. राक्षस मारण्यास आपल्याकडे कोणाचीच हरकत नसते.

क्रोएशियांतील मंडळींचा 'सीरियस सॅम' (२००१) आमच्या घरांत दोन दिवसही टिकला नाहीं. खेळ वाईट नाहीं. इजिप्तच्या उन्हांत शत्रूंच्या झुंडी अंगावर येतात व आपण मागें सरत गोळ्या झाडावयाच्या, फारसा विचार नको. परंतु त्यांत मुंडकें नसलेले कांहीं लोक दोन्ही हातांत बाँब घेऊन किंकाळ्या फोडीत धांवत येतात. मुंडकें नसतां ओरडतात कोठून, हें कोडें एकीकडे, आणि दिवेलागणीच्या वेळीं घरांतून येणाऱ्या त्या किंकाळ्या ऐकून शेजारीण विचारपूस करावयास आली, तें एकीकडे. 'काउंटर-स्ट्राइक' आम्हीं नुसता वासून पाहिला. तो जिवंत माणसांशीं खेळावयाचा. आणि पलीकडचीं तीं माणसें सोळा वर्षांचीं असून त्यांचे डोळे ससाण्याचे असतात. विरंगुळा शोधणारानें तिकडे फिरकूं नये. 'नो वन लिव्ज फॉरएव्हर' (२०००) हा एका चतुर स्त्री-हेराचा विनोदी खेळ चिरंजीवांनीं फार वाखाणला. परंतु त्याचे हक्क नक्की कोणाकडे, याचा गुंता कित्येक वर्षें न सुटल्यामुळें तो सरळ मार्गानें विकत मिळत नाहीं, आणि चोरट्या तबकडीच्या वाटेस आम्ही आतां जाणार नव्हतों.

राहिला 'हाफ-लाइफ'. सन १९९८ चा हा खेळ आम्ही निःशंकपणें सर्वांच्या वर ठेवितों. याचा नायक शिपाई नाहीं. चष्मा लावणारा, दाढी राखलेला एक पदार्थविज्ञानाचा पंडित आहे. आरंभीं कित्येक मिनिटें एकही गोळी सुटत नाहीं. एका लहानशा विजेच्या गाडींत बसून तो भुयारांतल्या प्रयोगशाळेंत कामावर निघालेला असतो, आणि आपण खिडकींतून बाहेर पाहावयाचें, एवढेंच. नाना येथेंच जिंकले गेले. "गाडी बरोबर चालविली आहे," असा त्यांनीं अभिप्राय दिला. मग प्रयोग फसतो, छत कोसळतें, परलोकींचे प्राणी फिरूं लागतात, आणि पंडिताच्या हातीं पहिलें शस्त्र येतें तें म्हणजे एक कटावणी. खेळ मधें थांबवून कोणी गोष्ट सांगावयास येत नाहीं. जें घडतें तें आपल्या डोळ्यांदेखत घडतें. आणि 'एफ-६' ही कळ दाबली कीं असाल तेथें खेळ राखून ठेविला जातो.

या प्रयोगशाळेंत निळ्या गणवेषांतील पहारेकरी भेटतात. त्यांस हांक दिली कीं ते आपल्यामागें येतात, कुलुपें उघडून देतात, लढतातही. खेळाच्या दृष्टीनें ते खर्ची पडावयासाठींच असतात. पुष्कळ ठिकाणीं तर वाटच अशी कीं त्यांस बरोबर नेतांच येत नाहीं. नानांस हें मान्य नव्हतें. "गार्डला टाकून गाडी हलत नसते, दाजी," म्हणत, आणि एखादा पहारेकरी पडला कीं राखून ठेविलेल्या जागीं परत जाऊन तो प्रसंग पुन्हां खेळत. एका संध्याकाळीं एकाच गार्डसाठीं ते सात वेळां मागें गेले. आठव्या खेपेस तो वांचला. पुढें उंच शिडी होती, तीवर तो चढणार नव्हता. नाना बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि मग खेळ तेथेंच राखून त्यांनीं यंत्र बंद केलें. दुसऱ्या दिवशीं पुढें गेले. शेवटचा भाग मात्र या खेळास शोभत नाहीं. परग्रहावर एका खडकावरून दुसऱ्या खडकावर उड्या मारीत जावें लागतें. गुडघा नुकताच बसविलेल्या माणसास तें पाहवतही नव्हतें.

सन २००३ चा पहिला 'कॉल ऑफ ड्यूटी' आम्हीं त्यानंतर दिला. मोहिमा लहान, बरोबर साथीदार, आणि स्टालिनग्राडच्या प्रसंगीं हातांत काडतुसें मिळतात पण बंदूक मिळत नाहीं, हा अनुभव अंगावर कांटा आणणारा. नानांस तो आवडला. परंतु 'त्यांत आगगाड्या कमी' अशी त्यांची तक्रार राहिली.

दोन महिने संपून नाना आपल्या घरीं गेले. त्यानंतर आखाजीस चिरंजीव सहकुटुंब आले. पन्हें झालें, पुरणपोळी झाली, दुपारचें ऊन पडलें. ते संगणकापाशीं गेले, आणि नानांच्या खेळांच्या रांगेंत आय. जी. आय. दिसतांच थबकले. तो आम्हींच आणवून ठेविला होता, रीतसर पैसे मोजून. आम्ही पहिल्या मोहिमेंतल्या त्या रेल्वे-यार्डांतच अडकलेलों होतों; कुंपण ओलांडलें कीं आम्ही मरतों. त्यानें विचारलें, "खेळूं का, अण्णा?" आम्ही म्हणालों, "खेळ ना." तो बसला. चौदाव्या मोहिमेपर्यंत पोंचावयास त्याला तिसऱ्या दिवसाची दुपार झाली. मधें सौभाग्यवतीनें चहा झाल्याची हांक दिली. आम्हीं स्वैंपाकघरांत जाऊन कप स्वतः बाहेर आणला व तो कळफलकाशेजारीं ठेविला. आभाळ भरून आलें होतें, दूर वीज चमकत होती. आम्ही उठलों आणि इन्व्हर्टरचें बटण लावलेलें आहे कीं नाहीं, तें पाहून आलों.