आधी खर्च, मग अनुदान

परवा अमडापूरला काकांकडे जाऊन आलो. बल्लाळदेवीचं दर्शन झालं आणि नेहमीप्रमाणे पाय शेताकडे वळले. शेततळ्याच्या बांधावर बसून काका म्हणाले, "याच्यात सरकारचं किती अन् माझं किती, सांग बरं?"

2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा काकांनी अर्ज केला होता. 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल, या सर्वांत मोठ्या मापाला अनुदान जास्तीत जास्त 50,000 रुपये. म्हणजे नऊ गुंठे तर नुसत्या खड्ड्यातच गेले, बांध वेगळा. मंजुरी आली तेव्हा काकूने पेढे वाटले. पण ती मंजुरी होती, पैसे नव्हते! तळं आधी खोदायचं, मग मोजमाप, मग रक्कम खात्यात. जेसीबीवाला मात्र रोज संध्याकाळी रोख मागायचा. बिल लाखाजवळ गेलं आणि काकूच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या. "तुले मंजुरी म्हंजे पैसा वाटला का रे?" काका हसत म्हणाले. मी काय बोलणार...

तशी आपल्या जिल्ह्याने पॅकेजं काही कमी पाहिली नाहीत. 1 जुलै 2006 ला मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी जाहीर केले, त्यात बुलडाणाही होता. 2,177 कोटी सिंचनाला, 712 कोटी थकीत व्याजाला. मग 2008 ची कर्जमाफी. काकांची सात एकर कोरडवाहू, म्हणजे दोन हेक्टरच्या वर, म्हणून कागदावर ते 'मोठे शेतकरी'! त्यांना चौथा हिस्सा किंवा 20,000 रुपये, जे जास्त असेल तेवढी सूट, तीही बाकीचं कर्ज आधी भरलं तर. इथेही आधी तुम्ही, मग आम्ही.

असो. तळं वाईट नाही. सप्टेंबरात सोयाबीनच्या शेंगा भरताना पावसाने दडी मारली की इंजिन लावून दोन पाणी देता येतात, पीक वाचतं. शेजारच्या तीन एकरवाल्यालाही तेव्हाच मंजुरी मिळाली होती. त्याच्यापाशी गहाण टाकायला काही नव्हतं. तळं खोदलं गेलं नाही, अनुदानही आलं नाही. 2022 मध्ये रक्कम 75,000 झाली, हेही काकांनी त्याला सांगून पाहिलं.

आता पाऊस लांबला की तो काकांकडे येतो. काका पाइप त्याच्या वावरात टाकून देतात. डिझेल तेवढं त्याचं.